कुंडीमागचा ट्रंपेट

"तोंड बदला म्हणतात," आयडेला म्हणाली आणि लाल भाताचं भांडं तिने आत्याकडे सरकवलं. "आवाज अँब्रोजचाच राहू दे. तोंड तेवढं दुसऱ्याचं लावा."

अँब्रोज तिचा थोरला भाऊ. तो खेकड्याची नांगी फोडत होता. ती त्याने शांतपणे फोडली, आतलं मांस काढून आईच्या ताटात ठेवलं, बोटं पुसली आणि मग विचारलं, "कुणाचं?"

"ज्युलियनचं."

ज्युलियन गॅड्सडेन, म्हणजे आत्याचा मुलगा, टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसला होता. त्याचा काटा तोंडाशी जाता जाता थांबला. या माणसाने जन्मात ट्रंपेट हातात धरला नव्हता. तो कोपऱ्यावरच्या दफनगृहात नोकरीला होता. मेलेल्यांचे केस विंचरायचा, त्यांचे टाय बांधायचा, आणि कामाच्या सवयीने जिवंत माणसांशीही हळू आवाजात बोलायचा.

"माझं?" तो हळूच म्हणाला. "माझ्या तोंडात काय आहे?"

"काही नाही," आयडेला म्हणाली. "उजळ आहे, बस."

आता हे नीटच सांगायला हवं. कारण पुढे वर्षानुवर्षं या घरातला जो तो सांगत राहिला की आपण त्या रविवारी अँब्रोजच्या बाजूने होतो. कुणीही नव्हतं. अँब्रोज स्वतःसुद्धा नव्हता.

एकेचाळीस सालचा मार्च होता. त्या वर्षी हार्लेमच्या काळ्या वस्तीतल्या दारूच्या दुकानांत एक नवी पेटी आली होती, चांगली कपाटाएवढी. दहा सेंटचं नाणं टाकलं की वरच्या काचेवर तीन मिनिटांचा सिनेमा लागायचा. एक गाणं, एक बँड, नाचणाऱ्या बायकांच्या थोड्या मांड्या, संपलं. तसल्या पेटीसाठी आयडेला टॉलिव्हर आणि तिच्या तेरा वादकांचं गाणं मागच्या आठवड्यात रेकॉर्ड झालं होतं. आधी आवाज, मग चित्र, अशी त्या धंद्याची रीत. चित्राच्या दिवशी रेकॉर्ड लावायची आणि सगळ्यांनी वाजवल्याचं सोंग करायचं. आणि सोंगच करायचं म्हटल्यावर कंपनीच्या मिस्टर फेसलरला वाटलं, सोंगाला खरा माणूस हवाच कशाला?

फेसलरचं पोट कायम बिघडलेलं. पेपरमिंटच्या गोळ्या चघळत त्याने काचेपलीकडून अँब्रोजचा सोलो ऐकला होता, मान डोलावली होती आणि मग आयडेलाला बाजूला घेऊन म्हणाला होता, "आवाज सोन्यासारखा आहे गं. पण हा चेहरा त्या काचेवर दिसणारच नाही. नुसता अंधार दिसेल."

दिसणार नाही. हाच चेहरा कुठल्याही पोलिसाला अर्ध्या मैलावरून दिसायचा. दुकानात शिरला तर दुकानदाराला पाठीमागून दिसायचा. फक्त कॅमेऱ्याला, ज्याचं पोट बघण्यावर चालतं त्या कॅमेऱ्याला, तेवढा दिसत नव्हता.

ज्युलियनला मात्र फेसलरने पाहिलं होतं. आयडेलाला घरी न्यायला तो छत्री घेऊन आला होता, एवढाच त्याचा गुन्हा.

"आणि तू काय म्हणालीस?" आईने विचारलं. आईचं नाव झिपोरा. चर्चची टोपी अजून डोक्यावर होती, आणि टोपी असेपर्यंत तिच्यासमोर खोटं बोलायची कुणाची छाती नव्हती.

"रविवारी घरी विचारते म्हणाले."

"विचारायचं काय त्यात?" सेलेस्टीन आत्या म्हणाली. "आमच्या ज्युलियनचं नाक आजोबांवर गेलंय. कॅमेरा असल्या नाकाची वाट बघत असतो."

"आत्या, ट्रंपेट नाकाने वाजवत नाहीत," ड्रमर स्कीट म्हणाला. तो या घरात भाडेकरू म्हणून आला होता आणि रताळ्याच्या गोड पाईमुळे नातेवाईक होऊन राहिला होता.

"तू पाई खा," आत्या म्हणाली.

आयडेलाने भावाकडे पाहिलं. अर्धं उत्तर तिच्या मनात तयार होतं आणि त्याचीच तिला लाज वाटत होती. पंधराव्या वर्षी ती चार्ल्सटनच्या जत्रेत फळीवर नाचली. विसाव्या वर्षी हार्लेममध्ये सोळा मुलींच्या रांगेत अगदी कडेला. सव्विसाव्या वर्षी बँडचा म्होरक्या एका गायिकेबरोबर पळाला, तेव्हा त्याची छडी उचलून ती बँडसमोर उभी राहिली, ती छडी तिने आजवर खाली ठेवली नव्हती. लोक म्हणायचे, बाई नुसती कंबर हलवते, बँड तिचा भाऊ चालवतो. पहिलं खोटं होतं, दुसरं अर्धं खरं. गाणी अँब्रोज बसवायचा. पण तेरा आडमुठ्या पुरुषांना एका वेळी एका जागी, शुद्धीवर असलेल्या अवस्थेत उभं करायचं काम तिचं होतं.

सिनेमात ती तीनदा दिसली होती. तिन्ही वेळा हातात ट्रे. तिन्ही सिनेमे मिळून तिला एकच वाक्य होतं: "गाडी आलीय, बाईसाहेब." या पेटीच्या चित्रात पहिल्यांदा तिचं नाव अक्षरांत येणार होतं. आणि हे चाललं तर फेसलर तिला कॅलिफोर्नियाला नेणार होता, पूर्ण लांबीच्या सिनेमात, बँडसकट, ट्रेशिवाय. ज्युलियन उभा राहिला तर हे सगळं. नाही तर दुसरा बँड दारात तयार होता.

"करा," अँब्रोज म्हणाला.

"अँब्रोज..."

"करा म्हणतोय ना. मला कुठे कॅलिफोर्नियाला तोंड दाखवायचंय?" तो उठला, कपाटावरची पेटी काढली आणि आपला ट्रंपेट ज्युलियनच्या हातात दिला. "धर. फुलांचा हार धरल्यासारखा नको धरूस. कुणी मेलेलं नाही."

आणि मग त्या जेवणाचं जे काही झालं त्याला शिकवणी म्हणणं म्हणजे शिकवणीचा अपमान. ज्युलियनने ट्रंपेट ओठांना लावला आणि गाल असे फुगवले की आत्यासुद्धा हसली. "सूप गार करतोयस का?" अँब्रोज म्हणाला. "गाल आत. ओठ घट्ट. आता चाप बघ, तीन आहेत. पहिला आणि तिसरा, मग मधला, मग सगळे सोड." ज्युलियनने सगळेच दाबून ठेवले. "सोड रे." त्याने ट्रंपेटच सोडला. तो स्कीटने अधांतरी झेलला आणि कोपराने भेंडीचा वाडगा उडवला. भेंडी आत्याच्या कोल्ह्याच्या कातड्याच्या गळपट्ट्यावर. गळपट्ट्याचा मेलेला कोल्हा भेंडी खाताना असा काही दिसत होता की आईला टोपी काढावी लागली, डोळे पुसायला.

"पुन्हा," आत्या म्हणाली. कोल्ह्याचं तोंड पुसत म्हणाली, पण म्हणालीच.

स्कीटने कोंबडीच्या हाडांनी ताटावर ताल धरला. अँब्रोज तोंडाने सोलो म्हणायला लागला आणि ज्युलियन चाप दाबायला. तो दर वेळी एक सूर मागे. "मी शोकसभेत पण मागेच असतो," तो केविलवाणा होऊन म्हणाला. "तशी पद्धतच आहे. घरच्यांनी पुढे चालायचं." हसून हसून टेबल हलत होतं. शेजारच्या बाईने भिंतीवर ठोकलं. आईने उलट ठोकलं.

अँब्रोजही हसत होता, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. पण आयडेलाने पाहिलं: ज्युलियनने तोंडातून ट्रंपेट काढला की दर वेळी अँब्रोज खिशातला रुमाल काढायचा, ट्रंपेटची ओठांना लागणारी बाजू पुसायचा, रुमालाची घडी घालायचा आणि मगच ट्रंपेट परत द्यायचा.

तिने ताटातली पाई तशीच ठेवली आणि ती भांडी घेऊन आत गेली.

आई मागोमाग आली. नळ सोडला. "काय झालं?"

"तो हो का म्हणाला, आई?"

"बापावर गेलाय." आईने ताटं पाण्यात सोडली. "चार्ल्सटनला गोऱ्यांच्या नाचाला तुझा बाप पडद्यामागे बसून वाजवायचा. नाचणाऱ्या बायकांना तोंड दिसू नये म्हणून. तीन तास पडद्याकडे बघत. घरी आला की विचारायचा, झिपोरा, आज मी कसा दिसत होतो गं?"

"आणि तू?"

"मी म्हणायची, राजासारखा." आईने एक ताट पुसलं, पुसलेलंच पुन्हा पुसलं. "बापाने सोसलं, मुलगा सोसेल. तू कॅलिफोर्नियाला जा."

"मग चार्ल्सटनहून इतक्या लांब आलो कशाला आपण?"

"थंडी खायला," आई म्हणाली.

बाहेर ज्युलियनने पहिल्यांदाच ट्रंपेटमधून खरा आवाज काढला. बोटीचा भोंगा वाजावा तसा. घर पुन्हा हसण्यात बुडालं.

*

मंगळवारी सकाळी टॉलिव्हर मंडळी ब्राँक्समधल्या स्टुडिओत पोचली, ती चर्चला निघाल्यासारखी नटून. चित्रात नाइटक्लब दाखवायचा होता आणि क्लबात बसायला फेसलरला गिऱ्हाइकं हवी होती. "तुझीच माणसं आण," तो आयडेलाला म्हणाला होता, "नीटनेटकी." तो तिला पहिल्या दिवसापासून नुसत्या नावाने हाक मारायचा आणि ती त्याला मिस्टर म्हणायची. तेव्हा तसंच होतं, आणि आता बदललंय असं म्हणणाऱ्याने जरा बाहेर फिरून यावं.

दाराशी एक लाल दिवा होता. "हा लागला की दार उघडायचं नाही," फेसलरने सगळ्यांना बजावलं. "जीव जात असला तरी. प्रकाश आत शिरतो, फिल्म वाया जाते." अँब्रोजने मान हलवली. पाट्या आणि दिवे यांचं तो नेहमी ऐकायचा. ट्राममध्ये मागे बसा, या नळाचं पाणी पिऊ नका, या दाराने येऊ नका, अशा काळ्यांसाठीच्या पाट्या पाळत जो मोठा होतो आणि जिवंत राहतो, त्याला लाल दिवा दोनदा सांगावा लागत नाही.

आत सहा टेबलं, खोटी द्राक्षं, आणि चहाच्या रंगाचं पाणी भरलेल्या दारूच्या बाटल्या. बँडच्या दोन्ही बाजूंना ताडाच्या मोठाल्या कुंड्या. पुढच्या खुर्चीवर ज्युलियन, पांढरा कोट, हातात अँब्रोजचा चकचकीत ट्रंपेट. अँब्रोजला मागच्या रांगेत बसवलं, हातात पोचे पडलेलं एक जुनं कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटचंच आखूड भावंड, दिलं. फेसलरने त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि एक कुंडी त्याच्यापुढे सरकवायला लावली.

"बाई, तो पंखा खाली ठेवा," फेसलर आईला म्हणाला.

आईच्या हातात चर्चमधला पुठ्ठ्याचा पंखा होता. एका बाजूला मेंढरांबरोबर येशू, दुसऱ्या बाजूला ज्युलियनच्या दफनगृहाची जाहिरात.

"दिव्यांनी उकडतंय," आई म्हणाली.

"नाइटक्लबात कोण दफनगृहाचा पंखा घेऊन येतं?"

"जपून वागणारं माणूस," आई म्हणाली आणि तिने येशूची बाजू कॅमेऱ्याकडे केली.

बाहेर लाल दिवा लागला. रेकॉर्ड फिरू लागली. आयडेला छडी घेऊन पुढे आली, चंदेरी झगा, उघडे खांदे, आणि तिची कंबर हलली तेव्हा कॅमेऱ्यामागचा माणूस स्वतःशीच हसला. गाण्याचा पहिला भाग एका दमात झाला. सगळं लोण्यासारखं. राहिला तो सोलोचा तुकडा.

पुन्हा दिवा, पुन्हा रेकॉर्ड. आयडेलाने छडी ज्युलियनकडे रोखली. ज्युलियन उभा राहिला, गाल आत, ओठ घट्ट. भोंग्यातून अँब्रोजचा सूर निघाला. खालून वर चढणारा, वर जाऊन किंचित वाकणारा, जसा माणूस मोठ्याने काही सांगायला लागतो आणि मध्येच त्याला हसू येतं.

आणि सहाच्या सहा टेबलांनी माना वळवल्या. ज्युलियनकडे नाही. कुंडीकडे.

"थांबवा," फेसलर ओरडला. "त्या झाडाकडे काय बघताय सगळे?"

"आम्ही? छे," आत्या म्हणाली.

कुणी ठरवून केलं नव्हतं, हे आयडेलाला चांगलं ठाऊक होतं. यांच्या चर्चमध्ये कुणी उठून आपली साक्ष द्यायला लागलं की सगळे त्याच्याकडे वळतात. बोलणाऱ्याला पाठ दाखवायची नाही. चालायला लागल्यापासूनची सवय. आणि त्या खोलीत आवाज कुठूनही निघत असो, बोलतंय कोण, हे सगळ्यांना माहीत होतं.

"पुढे बघायचं," फेसलर म्हणाला. "या देखण्या माणसाकडे."

दुसऱ्या खेपेला त्यांनी जिवाचा आटापिटा केला. स्कीटच्या मानेची शीर फुगली. आईने पंख्याने अर्धं तोंड झाकलं. सोलो निम्म्यावर आला आणि मग ती जागा आली. कबरस्तानातून परतताना मंडळींची पावलं हलकी व्हावीत म्हणून म्हातारा इनॉक टॉलिव्हर जी वाजवायचा ती हरकत. बापाची हरकत मुलाने या गाण्यात जशीच्या तशी ठेवली होती. आई खुर्चीतून उभी राहिली. एक हात वर. ताडाच्या झाडाकडे तोंड करून ती म्हणाली, "सांग, बाळा. सांग त्यांना."

"थांबवा."

"ही बाई कोण आहे?" फेसलरने विचारलं.

"माझी आई," आयडेला म्हणाली.

"मला वाटलंच होतं." त्याने दोन गोळ्या एकदम तोंडात टाकल्या.

तिसऱ्या खेपेला आत्या गेली. तिचा ज्युलियन तिच्यासमोर उभा, ते नाक, तो कोट, आणि त्या हरकतीला आत्याची मान अशी गर्रकन वळली की कोल्हा खांद्यावरून खाली पडला. "माझ्या भावाचा सूर आहे तो," ती फेसलरला म्हणाली. ती कोल्हा उचलत होती आणि हसतही होती. "मी काय करू? तुमचा भाऊ हाक मारायला लागला तर तुम्ही कुठे बघाल?"

"ते झाड हलवा," कुणीतरी म्हणालं.

"झाड हलणार नाही," फेसलर म्हणाला.

चौथ्या खेपेला खुद्द ज्युलियनने ट्रंपेट तोंडावरून खाली घेतला, मागे वळला, मान अदबीने झुकवली आणि दोन्ही हात समोर बांधून उभा राहिला. कामावर उभा राहतो तसा. भोंग्यातून ट्रंपेट मात्र वाजतच होता. कॅमेरामन स्टुलावरून खाली बसला आणि पोट धरून हसायला लागला. स्कीटने ढोलावर डोकं टेकलं. अख्खा बँड हसत होता. बंडखोरी नव्हती ती. त्यांना खरोखर जमत नव्हतं, आणि जमत नाही याची त्यांना इतकी मजा वाटायला लागली होती की आता ते जमणं शक्यच नव्हतं.

फेसलर मात्र हसत नव्हता. तो आयडेलाजवळ आला. पेपरमिंटचा वास. "एका खेपेची फिल्म उरलीय," तो हळू म्हणाला. "त्या तुझ्या भावाला इमारतीबाहेर काढ. तो नसला की कुणी वळणार नाही. हे झालं तर कॅलिफोर्निया. नाही झालं तर मी तुला ओळखत नाही."

सगळ्यांनी ऐकलं. हसणं नळ बंद करावा तसं थांबलं.

अँब्रोज आधीच उठला होता. कॉर्नेट खुर्चीवर ठेवलं, टोपी घेतली. कुंडीमागून बाहेर आला आणि बहिणीसमोर उभा राहिला. "जातो गं," तो म्हणाला. "कोपऱ्यावर कॉफी घेतो."

आयडेलाने आईकडे पाहिलं. आई पंख्यावरच्या येशूकडे बघत होती. कॅलिफोर्निया म्हणजे नक्की काय, ते आयडेलाला त्या घडीला दिसेना. संत्री दिसली. समुद्र दिसला. आणि समुद्रासमोर चंदेरी झग्यातली ती स्वतः, हातात छडी आणि मागे पडदा. पडद्यामागून कुणीतरी विचारत होतं, आज मी कसा दिसत होतो गं?

"जा," ती म्हणाली.

खोलीत कुणाचा तरी श्वास अडकल्याचं ऐकू आलं. आत्याचा होता.

"दार लोटून घे," आयडेला भावाला म्हणाली. तिने छडी त्याच्या छातीवर हळूच टेकवली. बँडमध्ये ती असं एकाच वेळी करायची, तुझी पाळी येतेय असं सांगताना. "कडी लावू नकोस."

अँब्रोज तिच्याकडे बघत राहिला. मग टोपी घालून निघून गेला.

लाल दिवा लागला. रेकॉर्ड फिरली. ज्युलियन उभा राहिला, गाल आत, ओठ घट्ट, चेहरा पांढराफटक. सूर निघाला, खालून वर चढत गेला. आणि टेबलं वळली. या वेळी कुंडीकडे नाही. दाराकडे. आई, आत्या, गिऱ्हाइकं, मग एकेक करून वादक, मग ढोल वाजवता वाजवता स्कीट, जत्रेत हत्ती आल्यासारखे सगळे त्या बंद दाराकडे बघत होते. फेसलरने तोंड उघडलं. पण आवाज करायची सोय नव्हती. शेवटची फिल्म फिरत होती.

मग आयडेलाने जे केलं ते कुठल्याही सिनेमात कुणी तिला करू दिलं नसतं. तिने कॅमेऱ्याकडे पाठ फिरवली. उघड्या पाठीचा झगा, हात लांब, आणि छडीचं टोक सरळ दारावर.

हरकतीची जागा आली आणि दार उघडलं.

अँब्रोज आत आला. टोपी तिरकी, ओव्हरकोट अंगात. त्याची उजव्या हाताची तीन बोटं हवेत चाप दाबत होती, स्वतःच्याच सुराबरोबर, केसाचाही फरक नाही. पाठीमागून मार्चचं ऊन त्याच्याबरोबर आत शिरलं आणि त्या उन्हात त्याचा चेहरा असा दिसला, असा स्वच्छ दिसला, की कॅमेरामनने कुणी न सांगता कॅमेरा त्याच्यावर वळवला. टेबलांच्या मधून तो चालत आला. जाता जाता आईने त्याच्या कोटावरचा दोरा काढला. ज्युलियन दोन पायऱ्या उतरून खाली आला आणि त्याने ट्रंपेट पुढे केला. दोन्ही हातांनी, पण आता हार धरल्यासारखा नाही. अँब्रोजने तो घेतला, रुमाल काढलाच नाही, आणि रेकॉर्डवरचा शेवटचा उंच सूर त्याने ओठ लावून पुरा केला. ज्युलियन जाऊन आईशेजारी बसला आणि त्याने खोट्या द्राक्षाचा एक मणी सुटकेने तोंडात टाकला.

फिल्म संपली. कॅमेरा फडफडत राहिला.

"लाल दिवा होता बाहेर," फेसलर म्हणाला. "दिसला नाही तुला?"

"दिसला," अँब्रोज म्हणाला. "मी दिसलो का तुम्हाला?"

ज्युलियनने मेणाचं द्राक्ष थुंकलं, तेवढाच आवाज झाला. मग कॅमेरामन म्हणाला, "दिसला की. सगळ्या चित्रात बघण्यासारखं तेवढंच आहे. आणि सोलोचं दुसरं काही आपल्याकडे नाहीच."

फेसलरने गोळ्यांची डबी झटकली. रिकामी होती. "कॅलिफोर्नियाचं विसर, आयडेला."

"विसरले, मिस्टर फेसलर," ती म्हणाली. "आणि मला मिस टॉलिव्हर म्हणा."

रस्त्यावर आल्यावर आईने पंखा काढून, मार्चच्या थंडीत, वारा घ्यायला सुरुवात केली आणि स्कीटला हसू फुटलं. मग ज्युलियनला, मग आत्याला, आणि आत्या एकदा सुटली की तिला धरावं लागायचं. दिव्याच्या खांबाला टेकून ती म्हणाली, "सकाळपासून नुसतं सोंग चाललंय. एक खरा सूर कुणी ऐकवला नाही मला. अँब्रोज, वाजव रे. माझ्या भावाचं वाजव."

"इथे? रस्त्यात?" अँब्रोजने वर पाहिलं. समोरच्या भिंतीवर पाटी होतीच, इथे आवाज करू नये.

त्याने ती पूर्ण वाचली. मग ट्रंपेट ओठांना लावला.

आयडेला हातात छडी नसताना नाचायला लागली, चंदेरी झग्यावर कोट, फुटपाथवर. वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. ना ओळखीची ना पाळखीची माणसं, गोरी, तांबडी, तोंडाला साबण लावलेली. सगळ्यांनी माना बाहेर काढल्या आणि सगळे खाली, बरोबर त्याच्याचकडे बघायला लागले.

"कसा दिसतोय गं मी?" मध्ये श्वास घेताना अँब्रोजने विचारलं.

आईने उत्तर द्यायच्या आत वरून एक म्हातारी ओरडली, "मिस्टर, जरा इकडे सरका. खांबामुळे तुम्ही अर्धेच दिसताय."